अप्पांचं पाठांतर

अप्पांना आता काही लक्षात राहत नाही, असं मी दोन वर्षं जगाला सांगत होते. गॅस चालू राहायचा, गोळ्या घेतल्या की नाही ते आठवायचं नाही, दार सताड उघडं टाकून ते बाहेर पडायचे. अशा बापाला टाकून कोण जाईल? दुसऱ्या शहरातल्या एका नाट्यशाळेने मला शिकवायला दोनदा बोलावलं आणि दोनदा मी नाही म्हटलं. तिसऱ्या पत्रात शनिवारपर्यंतची मुदत होती, शिवाय यापुढे विचारणार नाही असं स्वच्छ लिहिलं होतं. माझं वय सत्तेचाळीस. यापुढे दुसरं तरी कोण विचारणार होतं म्हणा.

त्याच आठवड्यात आमच्या जुन्या नाटकाचं सिनेमासाठी शूटिंग संपत आलं होतं. नाटकात आंधळा बाप असतो आणि लग्न ठरवून घर सोडायला निघालेली मुलगी. तिसऱ्या अंकात बाप म्हणतो, "जा, मी अडवणार नाही," आणि लगेच खुर्चीला अडखळतो. मुलगी बॅग खाली ठेवते आणि पडदा पडतो. अप्पा बाप, मी मुलगी, असे एकोणीस वर्षं प्रयोग केले. बायका डोळे पुसत आत येऊन सांगायच्या, मुलगी असावी तर अशी. मला त्या मुलीचा संताप यायचा, पण तो काही माझ्या वाक्यांत नव्हता.

सिनेमाच्या दिग्दर्शकाने शेवट फिरवला. त्याच्या सिनेमात मुलगी निघून जाते. अप्पा अकांडतांडव करतील असं मला वाटलं होतं, पण भूमिका मिळतेय म्हटल्यावर ते मूग गिळून बसले. अट एकच घातली.

"माझी मुलगी जवळ हवी. वाक्याची सुरुवात तिने करून दिली नाही तर मला पुढचं सुचत नाही."

म्हणून वीस दिवस मी कधी सोफ्यामागे, कधी टेबलाखाली उकिडवी बसून कुजबुजत होते. माझ्या जागी मुलीचं काम करणारी पोरगी हसायची. "ताई, माझ्यापेक्षा तुमचेच गुडघे जास्त काम करतायत."

शेवटचा प्रसंग शुक्रवारी होता. चार मिनिटांचा एकच शॉट, कॅमेरा खोलीभर फिरणार, त्यामुळे मला लपायला जागाच नव्हती. साउंडवाल्याने अप्पांच्या कानात एक बारीकसं यंत्र बसवलं आणि मला शेजारच्या खोलीत माइक दिला. निघालेल्या मुलीशी बाप जे बोलतो ते पानभर भाषण दिग्दर्शकाने बुधवारी नव्याने लिहिलं होतं. मी एकेका वाक्याची सुरुवात करून देत गेले आणि समोरच्या पडद्यावर अप्पा ते वाक्य पुरं करत गेले. एक शब्द चुकला नाही. टाळ्या पडल्या तेव्हा मीही रडले. आपल्या आवाजाशिवाय हा माणूस उभा राहू शकत नाही, मग कसलं गाव आणि कसली नाट्यशाळा, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

इतक्यात साउंडवाला आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"ताई, रागावू नका. घाईत त्या यंत्रात बॅटरी घालायचीच राहिली. दिग्दर्शक सरांना नका सांगू."

"म्हणजे त्यांना काय ऐकू गेलं?"

"काहीच नाही."

मी त्याला नाही सांगत म्हटलं आणि मेकअपच्या खोलीत गेले. अप्पा आरशासमोर चेहऱ्यावरचा रंग पुसत होते.

"अप्पा, कानातल्या त्या यंत्रात बॅटरी नव्हती."

त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. "पहिल्याच वाक्याला कळलं मला. पण शॉट कसा तोडणार?"

"आणि गॅस?"

"तुझी पावलं ऐकली की मगच चालू ठेवायचो. धोका काही नव्हता."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. दोन वर्षं ताकास तूर लागू दिली नव्हती या माणसाने.

"का असं केलंत?"

"तू गेली असतीस."

"हो, गेले असते."

"मग?" ते म्हणाले, जणू वाद तिथेच संपला.

"उद्या मी होकार कळवतेय. सोमवारी निघेन."

आरशातून त्यांनी माझ्याकडे बघितलं. हळूहळू त्यांचा चेहरा सैल पडला आणि त्यांनी अतिशय अदबीने विचारलं, "आपण कोण?"

काम इतकं सफाईचं होतं की क्षणभर मीही फसले. पण झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. मी दार ओढून घेतलं आणि निघाले.

याला आता चौदा महिने झाले. अप्पांकडे दिवसरात्र एक बाई ठेवली आहे. दर रविवारी मी फोन करते आणि ते विचारतात, "आपण कोण?" सुरुवातीला मी रागाने फोन आपटायचे. गेल्या महिन्यात त्या बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, काल ते एकटेच होते. मी दाराआडून बघत होते. भिंतीवरच्या स्वतःच्याच फोटोला म्हणाले, बसा ना, उभे का?"

"मोठे नट आहेत ते," मी त्यांना सांगितलं. "तुमची चाहूल लागली असेल."

सोंगच असू दे, असं मी रोज म्हणते. म्हणजे मला पुन्हा त्यांच्यावर चिडता येईल.