कलामंडळापुढचा बोकड

सोव्हिएत काळातल्या फ्रुन्झे शहरातल्या सिनेमा स्टुडिओत एक रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती, पण पाळायचे सगळे. सिनेमा मंजुरीसाठी सरकारी कलामंडळाला दाखवण्याआधी दिग्दर्शकानं त्यात एक हाडूक टाकायचं. म्हणजे इतकं उघड वावगं दृश्य, की मंडळ त्याच्यावर तुटून पडेल, ते कापायला लावेल आणि आपण काम केलं या समाधानात बाकीचं सोडून देईल.

दिग्दर्शक तिलेबाल्दीनं हाडूक म्हणून बोकड घातला होता. टाय लावून टेबलामागे बसलेला, कागदांवर शिक्के मारणारा आणि मग तेच कागद खाणारा. सिनेमा एका माणसाच्या भ्रमाचा, त्यात असलं खपतं. वाचवायचं होतं ते वेगळंच. पाण्यानं भरलेल्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या तंबूत एक म्हातारी केस विंचरते आणि फणीतून मासे गळतात. ती त्याची आई. चित्रीकरण झालं आणि त्याच हिवाळ्यात ती गेली. तिचा साधा फोटोसुद्धा कुठे नव्हता.

सिनेमा संपला, दिवे लागले. अध्यक्ष मामबेताली दाढी कुरवाळत बसले होते. तिलेबाल्दीचं लक्ष तिकडे गेलं. बोकडाचीच दाढी. टोकाला तशीच डावीकडे वळलेली. बाजारातून बोकड आणताना त्यानं नुसती शिंगं बघितली होती.

आता बोकड कापा म्हणणं म्हणजे त्यात अध्यक्ष ओळखले म्हणणं. मंडळातले सगळे एकाएकी चष्मे पुसायला लागले.

"काहीतरी कापायला हवंच," उपाध्यक्ष खाकरले. "ती पाण्यातली बाई. तिचा अर्थ काय?"

"अर्थ असा नाही, कॉम्रेड..." तिलेबाल्दी अडखळला.

"नाही ना? मग काढा."

"आणि बोकड?" मामबेतालींनी गोड आवाजात विचारलं. "तो कोण रे, बाळा?"

"मी, कॉम्रेड. भ्रम माझा, बोकडही मीच."

"तुला दाढी कुठाय?"

"स्वप्नात येते."

कोणीतरी हसू आवरून खोकल्यावर नेलं.

"आत्मटीका," मामबेताली सैलावले. "छान. बोकड राहू दे. बाई काढा."

कोपऱ्यात संकलक कालिचा मोजा विणत बसली होती. सगळा स्टुडिओ तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायचा. तिनं मान वर केली नाही.

"काढते की. मला काय, कात्री लावली की झालं. पण बोकड याचा आहे, हे लोकांना कळणार ते म्हातारीमुळे. याची आई ती. नाक बघा, याचंच. ती गेली की बोकड बेवारस. मग ज्याला जो आठवेल, त्याचा."

मामबेतालींचा हात सवयीनं दाढीकडे निघाला. अर्ध्या वाटेत त्यांना कळलं की सगळे बघताहेत. हात गुडघ्यावर परतला.

"दोन्ही राहू दे," ते म्हणाले. "आणि आईचं दृश्य जरा लांबवता आलं तर बघा."

"बघते," कालिचा एजे म्हणाली. "तिच्या दृश्याचे उरलेले तुकडे ठेवलेत मी."

तिलेबाल्दीला ते माहीतच नव्हतं. तो तिच्याकडे बघतच राहिला. ती टाके मोजत होती.