टाकीतला बोळा

एलिया मिस्त्रीचा नगरात दरारा होता. इंजिनाला कान लावला की घोडं कुठं पेंड खातंय ते सांगायचा, आणि एकदा सांगितलं की सांगितलं. नृसिंहपंतांच्या चार लॉऱ्या त्याच्याच जिवावर पळायच्या. त्यातली एक क्रूड तेलावर चालणारी, लढाईच्या आधीची, खोडील.

अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात ही लॉरी इमामपूरच्या घाटात रुसायला लागली. नेवाशाला माल घेऊन निघाली की चढावर धापा टाकायची आणि बंद पडायची. अर्धा तास उभी केली, पंपातली हवा काढली, की मुकाट चालू. ड्रायव्हर मच्छिंद्र शिंगणापूरचा. तो दर खेपेला गॅरेजात येऊन सांगायचा, "मिस्त्री, तेल फुडं येत न्हाई. जरा थांबलं की आपसूक येतंय. टाकीत कायतरी हाय बगा."

"टाकी आषाढात मी धुतलीय, ह्या हातांनी," एलिया म्हणायचा. "तू स्टेरिंग फिरव. डोकं मी चालवतो."

बाकी त्यानं सगळं बघितलं हो, नाही असं नाही. एकेका नोझलच्या नळीचा नट सैल करून आवाज ऐकला, फिल्टर बदलला, पंप उतरवून परत चढवला. गॅरेजात दोन-दोन तास इंजिन चालवलं, पण ते एकदासुद्धा अडखळलं नाही. अडखळेल कसं? तिथं ना चढ, ना हादरे! पण एवढ्या मोठ्या मिस्त्रीला हे सांगायचं कुणी?

शेवटी नृसिंहपंतांनी दोघांना बोलावलं. त्यांच्या मनात वेगळंच शिजत होतं. घाटापलीकडं शिंगणापूर, तिकडं मळ्यांत विहिरींवर तेलाची इंजिनं. हा पठ्ठ्या वाटेत थांबतो तो क्रूड काढून विकायलाच, असं त्यांनी धरलं होतं.

"मिस्त्री, गाडीत दोष आहे की नाही?"

आपल्या एका शब्दावर काय होणार हे एलियाला ठाऊक होतं. 'मला सापडला नाही' एवढं म्हणाला असता तरी भागलं असतं. पण ते तोंडातून निघेल तर शपथ!

"बायबलावर हात ठेवून सांगतो, गाडीत दोष नाही."

त्याच दुपारी पंतांनी मच्छिंद्रला चोर म्हणून काढून टाकलं. ज्या गावात घरांना दारं नाहीत, तिथल्या माणसाला चोर म्हटलेलं. बातमी त्याच्या आधी गावात पोचली.

पंधरा दिवसांनी माल खोळंबला, नवा ड्रायव्हर मिळेना, म्हणून एलिया स्वतःच लॉरी घेऊन निघाला. इमामपूरच्या दुसऱ्या वळणावर इंजिन खोकलं, धुरकटलं आणि मेलं.

उतरून त्यानं पंपाचा नट सैल केला. थेंब नाही. टाकीकडून येणारी नळी सोडली, ती कोरडी. तोंड लावून उलटी फुंकली, तशी टाकीत गुडगुड झालं आणि तेल भळभळ आलं. म्हणजे नळीच्या तोंडावर आत काहीतरी येऊन बसत होतं. चढाला लागलं की चिकटायचं, पंपाची ओढ थांबली की सुटायचं. पोरगं हेच तर सांगत होतं!

झाकण उघडून त्यानं तारेचा आकडा आत फिरवला. चिंधीचा बोळा वर आला. हिरवी, तांबड्या काठाची चिंधी. त्याच्या बायकोचं, लिडियाचं जुनं लुगडं! आषाढात टाकी पुसायला त्यानंच फाडून आणलं होतं.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खाली दरी. बोळा भिरकावला असता तर कुणालाही कळलं नसतं. एलियानं हात उचलला, आणि खरं सांगायचं तर बराच वेळ तो तसाच उभा राहिला. मग स्वतःचीच इतकी किळस आली की बोळा खिशात कोंबून त्यानं लॉरी सरळ शिंगणापूरला घातली.

मच्छिंद्र ओसरीवर दोर वळत बसला होता. एलियानं बोळा त्याच्यापुढं ठेवला. "माझाच होता. तू बरोबर होतास. आज पंतांसमोर सांगतो, पाहिजे तर इथं चावडीवर सांगतो. मार मला, पण..."

"मला कशाला सांगता?" मच्छिंद्र दोर खाली न ठेवता म्हणाला. "मी चोर न्हाई ते मला ठावं हुतं. आत आय हाय, तिला सांगा."

आत भागूबाई दाणे निवडत होती. एलियानं तिच्यापुढं खाली बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. म्हातारी शिव्या घालेल, सूप फेकून मारेल, मारलं तर बरंच, असं त्याला वाटत होतं.

तिनं सूप बाजूला सारलं. "मंजी त्यानं घेतलं न्हवतं?"

"नाही, मावशी."

"म्या त्याला शनिदेवाम्होरं ओल्या अंगानं शपत घ्याया लावली. घेतली त्यानं. तरी पंधरा दिस त्याच्याशी बोलले न्हाई म्या." तिनं पदर तोंडाशी नेला. "मला वाटलं, मिस्त्री येवढा जानता मानूस, त्यो कशाला खोटं बोलंल?"

बाहेर दोर वळायचा आवाज थांबला होता. भागूबाई उठली, उंबऱ्यापर्यंत गेली, पण बाहेर पाय टाकायचा तिला धीर होईना.