कावळा शिवेना
कल्याणच्या खाडीकाठी वडिलांच्या दहाव्याला पिंडाला कावळा काही शिवेना, तेव्हा सगळ्यांनी मैथिलीकडे पाहिलं. उभा जन्म वाळवंटात आणि लडाखच्या डोंगरांत पक्ष्यांचा अभ्यास करण्यात घालवलेली बाई ती.

"गर्दीला बुजतोय. मागे व्हा," ती म्हणाली. सगळे मागे सरले. कावळा ढिम्म हलेना.

"अगं, शब्द दे त्यांना," आई पुटपुटली.

बाबांनी जन्मभर एकच विचारलेलं, घरी कधी येणार? मैथिलीने हात जोडले. "बाबा, आता डोंबिवलीतच राहते."

कावळा उडाला तो थेट लांबच्या तारेवर.

"मग काय, परत लडाखला जाऊ?" ती वैतागून म्हणाली.

कावळा झेपावला आणि पिंडाला शिवला.

आईने डोळे पुसले. मैथिली मात्र तशीच उभी. इतकी वर्षं आपल्याला कावळे कळले नव्हते, की बाबा?