माझ्या सुईखाली वोनेटाचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. झाकण बंद केले की मी लहान सुटकेससारखा दिसतो. अंगावर लाल आणि पांढुरके कापड, वर धरायला कडी, पुढे दोन खिट्ट्या. त्यातली एक आता लागत नाही. मला पाहिले की मोठी माणसे हसून म्हणतात, "काय दिवस होते ते!" माझ्याविषयी कोणी वाईट बोलत नाही. म्हणून ही गोष्ट मलाच सांगायला हवी. माझ्या हातून एकदा एक मोठे नुकसान झाले आहे.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. लांब बाकावर बसलेल्या एका बाईने माझ्या हाताच्या टोकाला सुई बसवली. तिचे टोक कृत्रिम नीलमण्याचे होते. मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान, आणि अगदी गोल घासलेले. माझ्याबरोबर खोक्यात एक कागद होता. त्यावर लिहिले होते की पन्नास तास वाजवल्यावर सुई बदलावी. खोके फेकले गेले, त्याबरोबर तो कागदही गेला.

मला पिट्सबर्गच्या टेकडीवरच्या वस्तीत रूफस पेटवे यांनी आणले. ते पोलादाच्या गिरणीत भट्टीवर काम करत. त्यांची मुलगी अर्लीन त्या दिवशी पंधरा वर्षांची झाली होती. तिने मला पाहिले आणि स्वयंपाकघरातच दोन गिरक्या घेतल्या. त्या दिवसापासून मला विश्रांती ठाऊक नव्हती. शाळा सुटली की मुली यायच्या, गालिचा गुंडाळून भिंतीशी लावायच्या आणि मोजे घालून लाकडी फरशीवर नाचायच्या. शनिवारी कोणाच्या तरी तळघरात जमायचे असले की अर्लीन मला कडीला धरून चार गल्ल्या चालत न्यायची. वाटेत लोक विचारायचे, "कुठे निघालीस गं, गावाला?" ती म्हणायची, "हो, नाचाच्या गावाला!"

तिची आई, ब्यूला पेटवे, चर्चच्या गायकवृंदात गात असे. तिला माझी गाणी मुळीच पसंत नव्हती. ती शेजारच्या खोलीत लोकांचे कपडे इस्त्री करायची आणि तिथूनच बोलायची.

"सारखं काय ते बेबी, बेबी? कोणाला झोपवताय?"

"मम्मा, ते प्रेमाचं बेबी आहे."

"मग तर जास्तच वाईट!"

अर्लीनच्या तीन मैत्रिणी होत्या. क्लॅरिस आणि मेव्हिस या खालच्या मजल्यावरच्या जुळ्या बहिणी, आणि कोपऱ्यावरच्या घरातली वोनेटा. चौघी शाळेच्या मागच्या जिन्यात गायच्या, कारण तिथे आवाज घुमायचा. फुगीर परकर घालायची हौस होती म्हणून त्यांनी स्वतःचे नाव ठेवले होते 'द फोर क्रिनोलिन्स'. वोनेटाचा आवाज सगळ्यांत खालचा होता. बुटकी, किडकिडीत मुलगी, पण गायला लागली की लोक मागे वळून बघायचे, हिच्या पाठीशी कोणी माणूस उभा आहे का म्हणून. चुकलेल्या बसविषयीचे एक गाणे तिनेच रचले होते. सुरुवात ती एकटीच करायची, "बूम-बा-डूम, बूम-बा-डूम" आणि मग तिच्या आवाजावर बाकीच्या तिघी चढायच्या.

त्या वर्षी शहराच्या नव्या बांधकामासाठी टेकडीच्या खालच्या उतारावरची घरे पाडली जात होती. वोनेटाचे घरही त्यात होते. तिचे कुटुंब डेट्रॉईटला तिच्या मामाकडे जाणार, असे ठरले. निघायला दोन आठवडे उरले असताना चौघी वाद्यांच्या दुकानात गेल्या. दुकानदार मिस्टर टॉलिव्हर यांच्या मागच्या खोलीत तबकडी कोरायचे यंत्र होते. चौघींनी एकाच माईकसमोर उभे राहून गाणे म्हटले आणि एक तबकडी घेऊन त्या घरी आल्या. टॉलिव्हरांनी सांगितलेले अर्लीनने तबकडी माझ्यावर लावता लावता मैत्रिणींना पुन्हा ऐकवले, त्यांचा घोगरा आवाज काढून.

"'ही दुकानातल्या तबकडीसारखी कडक नाही, पोरींनो. पत्र्यावर मऊ लेप आहे. रेडिओवर नेईपर्यंत हिला हात लावू नका.'"

"मग आत्ता काय करतेयस?" मेव्हिस म्हणाली.

"तपासून बघतेय. एकदाच!"

रेडिओवर दर शनिवारी दुपारी तीन वाजता स्लिम डॅनफोर्थ नावाचा निवेदक वस्तीतल्या मुलामुलींच्या तबकड्या लावत असे. लोक फोन करून आवडते गाणे सांगत, आणि जिंकलेले गाणे आठवडाभर वाजे. क्रिनोलिन्सना ज्या शनिवारी बोलावले होते, त्याच्या दोन दिवस आधीच वोनेटा जाणार होती.

तिने ते फारसे मनाला लावून घेतले नाही. माझ्या झाकणावर कोपर टेकून ती म्हणाली, "मी डेट्रॉईटला असेन, पण शनिवारी तीन वाजता इथल्या प्रत्येक घरात मीच पहिली बोलेन. बघाच तुम्ही."

मित्रांनो, आता माझे काम नीट समजून घ्या. तबकडीवर एकच लांब खाच असते आणि तिच्या भिंती नागमोडी असतात. सुई त्या भिंतींना टेकून पुढे सरकते, भिंती तिला हलवतात, आणि त्या हलण्याचेच गाणे होते. सुई गोल असली तर ती हळुवार टेकते. झिजून तिला कडा आल्या, की ती रंध्यासारखी भिंती तासते. माझी सुई दीड वर्षात एकदाही बदललेली नव्हती. पन्नास तास तर पहिल्या दोन महिन्यांतच संपले होते.

"एकदाच" पहिल्या दिवशी सात वेळा झाले. संध्याकाळी रूफस कामावरून आले, तोंड न धुताच खुर्चीत बसले आणि ऐकून म्हणाले, "पुन्हा लाव." मग जुळ्यांची मावशी आली. मग केस विंचरून सरळ करून देणारी मिसेस गेन्स आली. वोनेटाच्या आजीला ऐकू येत नव्हते. तिने माझ्या झाकणावर पंजा ठेवून गाणे हाताने ऐकले आणि दुसऱ्यांदा लावायला लावले. यातले एकही वाजवणे मला वायफळ वाटले नाही. प्रत्येकाला ते गाणे खरोखरच हवे होते. आणि प्रत्येक वेळी माझ्या सुईच्या टोकाशी काळा भुगा जमत होता. अर्लीन तो फुंकरीने उडवायची. तिला वाटायचे, धूळ आहे.

फक्त एका माणसाला शंका आली. बाराव्या-तेराव्या वेळी इस्त्रीच्या खोलीतून ब्यूला म्हणाली, "तुमच्या गाण्याला पडसं झालंय वाटतं. शब्द फसफसतायत."

"तुला आवडत नाही म्हणून तुला तसं ऐकू येतं, मम्मा!"

तिचे कान खरे होते. सर्वांत आधी 'स' आणि 'श' झिजतात, कारण त्यांची वळणे सर्वांत बारीक असतात.

गुरुवारी दुपारी वोनेटा निरोप घ्यायला आली. खाली तिचा मामा गाडीचा भोंगा वाजवत होता. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "एकदा लाव." मग "आणखी एकदा." असे सहा वेळा झाले. सहाव्या वेळी अर्लीन तिच्या शेजारी बसून रडत होती, त्यामुळे दोघींनाही खरखर ऐकू आली नसावी. मी एकूण एकतीस वेळा ती तबकडी वाजवली.

शनिवारी सकाळी ब्यूलाने तिन्ही मुलींचे केस गरम फणीने सरळ केले, स्वतःची टोपी घातली आणि पर्स उचलली.

"तू कुठे, मम्मा?"

"माझी मुलगी एकटी त्या रेडिओवाल्याकडे जायची नाही. मी राखण करायला येतेय. गाणं ऐकायला नाही."

त्या गेल्या. घरात मी, रेडिओ आणि रूफस एवढेच उरलो. ते तळलेल्या माशाचे सँडविच घेऊन रेडिओसमोर बसले. तीन वाजता स्लिम डॅनफोर्थ बोलू लागला.

"मंडळी, आज आपल्याकडे आल्यात द फोर क्रिनोलिन्स. पण मला तर तीनच दिसतायत! चौथी कुठे आहे?"

"डेट्रॉईटला," अर्लीनचा आवाज आला. "पण ती तबकडीत आहे. पहिली तीच आहे."

"बघू या."

वोनेटाचे "बूम-बा-डूम" आले, थोडे पुसट. मग तिघींचा आवाज वर चढला, आणि त्यासरशी सगळे गाणे खरखरीत बुडाले. स्लिमने तिथल्या यंत्राचा हात उचलला असावा, कारण गाणे मध्येच तुटले.

"बाळांनो, ही तबकडी आहे की किसणी? कितीदा वाजवलीत?"

त्याने तबकडी काढून ठेवल्याचा आवाज आला.

"हे मी रेडिओवर पुढे वाजवू शकत नाही गं."

"पण वोनेटा आहे त्यात!"

"आता नाही राहिली ती त्यात," तो हळू म्हणाला. "तिघी इथे उभ्या राहून गाता का? माईक आहे."

"तिच्याशिवाय सुरुवातच होत नाही," एक जुळी म्हणाली. कोणती, ते कळले नाही. ती रडत होती.

रूफसनी सँडविच बशीत ठेवले.  मग रेडिओवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पर्सची खिट्टी खट्कन लागली. आणि एक आवाज खालून आला, रुंद आणि शांत. "बूम-बा-डूम, बूम-बा-डूम."

रूफस उठून उभे राहिले. "ब्यूला?" ते रेडिओला म्हणाले.

तिला प्रत्येक वळण येत होते. वोनेटा कुठे श्वास घेते, कुठे सूर जरा ओढते, सगळे. इस्त्री फिरवता फिरवता तिने ते गाणे एकतीस वेळा ऐकले होते. मी खाचेतून जे तासून काढले, त्यातले बरेचसे भिंतीपलीकडे तिच्यापाशी पोचले होते. तिघी पोरी रडतच तिच्या आवाजावर चढल्या, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत त्यांचे रडणे थांबले होते.

त्या जिंकल्या नाहीत. त्यांचा तिसरा नंबर आला. संध्याकाळी ब्यूला घरात शिरली आणि टोपी काढत म्हणाली, "चर्चमध्ये कोणी विचारलं तर मी तिथे नव्हते."

"सगळ्या शहराने ऐकलं, ब्यूला!"

"मग शहराला सांगा, मी राखण करत होते."

रूफस हसत राहिले. अर्लीन हसली नाही. तिने वडिलांचे वर्तमानपत्र वाचायचे भिंग आणले, माझा हात उलटा केला आणि दिव्याखाली सुई बघितली. बराच वेळ बघितली.

"डॅडी, हिला धार आलीय. हिनंच खाल्लं ते."

तिने मला मारले नाही की फेकले नाही. भिंग ठेवून ती माझ्यासमोर बसून राहिली. सोमवारी तिने मिस्टर टॉलिव्हरांकडून नवी सुई आणली आणि स्वतः बसवली. ती तबकडी तिने डेट्रॉईटला पाठवून दिली. सोबतच्या पत्रात तिने काहीही लपवले नाही. किती वेळा वाजवली तेही लिहिले.

तीन आठवड्यांनी वोनेटाचे उत्तर आले. अर्लीनने ते आईला मोठ्याने वाचून दाखवले. 'मी रागावले होते. दोन दिवस. मग लावून बघितली. पहिली ओळ आहे गं अजून. मी एकटी गाते ती. पुढे काही नाही.' ते खरे आहे. बाहेरच्या कडेला तबकडी सुईखालून वेगाने जाते, तिथे वळणे ऐसपैस असतात, म्हणून ती उशिरा झिजतात. आतली दाटीवाटीने बसलेली असतात, ती आधी जातात. वोनेटाची ओळ कडेला होती, एवढ्यामुळेच ती वाचली. त्यात माझी काही दया नव्हती.

त्यानंतर काही वर्षांनी केस वाढवलेल्या, गिटार घेतलेल्या मुलांची गाणी आली. मोठ्या तबकड्या आल्या, दोन दोन स्पीकर लागू लागले आणि मी कपाटात गेलो, हिवाळी कोटांच्या खाली. अर्लीन आता आजी आहे. दर वर्षी एकदा ती मला बाहेर काढते, झाकण उघडते आणि वाजवण्याआधी भिंग घेऊन सुई बघते.

मित्रांनो, आवडती वस्तू कुलपात ठेवा, असे मी सांगणार नाही. गाणे वाजवायलाच हवे, नाहीतर ब्यूलाला ते आले नसते. पण तुमच्या घरात जे यंत्र तुम्ही सर्वांत प्रेमाने वापरता, त्याचा सर्वांत लहान भाग कोणता आहे ते एकदा शोधा आणि तो झिजला आहे का ते बघा. यंत्र आपण होऊन सांगणार नाही. मी एकतीस वेळा सांगायला गेलो. माझ्या तोंडून दर वेळी गाणेच आले.