पुसलेली ताटली

मिथुननं ताटलीतलं पाणी खिडकीतून बाहेर फेकलं, खिशातल्या रुमालानं ताटली कोरडी केली आणि पुन्हा तांब्याशेजारी बाकावर ठेवली. पाणी कुठवर होतं ते कळावं म्हणून मुलांनी आतून मार्करनं ओढलेली रेघ तेवढी त्यानं जपली. मग तो कॅमेऱ्यामागं गेला आणि वाकून बघत म्हणाला, "झालं. पाणी उडालं."

चौथीच्या मुलांनी एकमेकांकडं पाहिलं.

"उडालं कुठं बाई," हरिओम म्हणाला, "यांनी तर पुसलं."

वर्ग हसला. दारात उभे असलेले मुख्याध्यापक कल्याण सर पुढं आले. "हरिओम, तुला तोंड दिलंय का भोंगा? गप बैस जरा."

"उन्हात ठेवली असती तर आपोआप सुकली असती," वंदनाबाई म्हणाल्या. "दुपारपर्यंत थांबावं लागलं असतं, एवढंच."

"दुपारी मला अंकुशनगरला जायचंय, मॅडम," मिथुन म्हणाला. "तिथं पण शाळाच हाय."

वंदनाबाईंनी पदराला लावलेला छोटा माइक सरळ केला. आवाज घुमतो म्हणून पंखा बंद होता. उजेड डोळ्यावर येतो म्हणून दुसऱ्या खिडकीला चादर लावली होती. मार्चातली सकाळ होती आणि मुलांच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळायला लागलं होतं.

वडीगोद्रीपासून आत असलेल्या या वस्तीशाळेत एवढी तयारी चालली होती ती एका प्रश्नासाठी. तो जानेवारीत विचारला गेला होता.

त्या दिवशी जिल्ह्याहून प्रभावती मॅडम न कळवता आल्या होत्या. शिक्षकांची प्रशिक्षणं त्यांच्याकडं होती. कल्याण सरांनी मागवलेला चहा बाजूला ठेवून त्या थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. वंदनाबाईंनी सकाळी ताटलीत आणि तांब्यात सारखंच पाणी मोजून उन्हात ठेवलं होतं. दुपारी दोन्ही आत आणलं. तांब्यात पाणी होतं, ताटली कोरडी. मुलं बोलायला लागली. कावळ्यानं पिलं, ताटलीला भोक आहे, मीनानं सांडलं. बाई कुणाला चूक म्हणत नव्हत्या, बरोबरही म्हणत नव्हत्या. शेवटी ऊन पाणी वर नेतं इथवर वर्ग आपला आपण पोचला.

तेव्हा पायल उठली. पहिलीपासून ती वर्गात हजेरीपुरतं बोलायची. आठच दिवसांपूर्वी तिचा कान टोचला होता, भोक बुजू नये म्हणून त्यात कडुनिंबाची काडी घातली होती आणि ते ठणकत होतं. डाव्या कानाची पाळी चिमटीत धरूनच ती बोलली.

"बाई, ताटलीतलं पाणी वर गेलं. मंग आपल्या विहिरीतलं खाली काहून गेलं?"

पोरं हसली नाहीत. वस्तीची विहीर शाळेच्या मागंच होती आणि ती खाली चालली होती हे सगळ्यांना दिसत होतं. वंदनाबाईंनी उत्तर दिलं नाही. "कसं शोधायचं?" एवढंच विचारलं. त्यातून दोरी निघाली. दर सोमवारी कठड्याजवळ बाईंच्या समोर उभं राहून मुलं दोरीला बांधलेला दगड विहिरीत सोडायची. तो पाण्याला लागला की कठड्याजवळ दोरीला रंगीत दोरा बांधायची. लाल, मग हिरवा, मग घरातल्या जुन्या परकराची चिंधी. दोरी वर्गाच्या दारामागं खिळ्याला टांगलेली असायची आणि ती सोडायचा मान पायलचा.

त्या दुपारी निघताना प्रभावती मॅडमनी वंदनाबाईंचा हात हातात घेतला होता. "ताई, अठरा वर्षं मी हे फळ्यावर लिहून देतेय. तयार उत्तरं देऊ नका, मुलांना विचारू द्या. घडताना आज पहिल्यांदा बघितलं. हे प्रत्येक तालुक्यात दाखवायला पाहिजे."

वंदनाबाईंनी लगेच होकार दिला होता. त्यांनीही ती प्रशिक्षणं केली होती. पाठांतरावर अवलंबून राहू नका हे वाक्य त्यांना तिथं लिहून घ्यायला लावलं होतं आणि शेवटच्या दिवशीच्या चाचणीत तेच गाळलेल्या जागा भरा म्हणून आलं होतं. आपण शिकत होतो तेव्हा कुणी एक खरा वर्ग दाखवला असता तर, असं त्यांना तेव्हा वाटायचं. आता तो दाखवायची पाळी त्यांची होती.

"चला, पायलचा प्रश्न," आता कॅमेऱ्याशेजारून प्रभावती मॅडम म्हणाल्या.

पायल उठली. तिच्या आईनं, बेबीनंदानं, तेल लावून घट्ट वेण्या घातल्या होत्या. कानात काडीच्या जागी पिवळे लखलखीत डूल होते. तिनं वंदनाबाईंकडं पाहिलं आणि आवाज लहान करून म्हणाली, "पण बाई, ते तर मला आता माहीत हाय."

"काय माहीत आहे, बाळा?" प्रभावती मॅडमनी विचारलं.

"विहिरीतलं पाणी मोटर वढती. ज्या आठवड्यात मोटर चालली, त्या आठवड्यात दोरी जास्त लागली. उन्हाचं त्यात थोडंच."

"अरे वा. पण आता माहीत नाही असं समजायचं. आणि विचारायचं."

"माहीत हाय ते इचारायचं?"

"हो. ज्या शिक्षकांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी."

पायलनं थोडा विचार केला. "त्यापेक्षा दुसरा इचारू का? मोटर बंद राह्यली की सकाळी पाणी चढलेलं राहतं. आम्ही दोन बारी बघितलं. मंग ते रातचं पाणी कोणाच्या रानातून येतं?"

मिथुननं कॅमेऱ्यावरचा हात काढला नव्हता, पण लाल दिवा लागलेला नव्हता. कल्याण सर दाराच्या चौकटीला टेकले होते ते सरळ झाले. "कोणाच्या रानातून म्हणजे?" ते हळूच वंदनाबाईंना म्हणाले. "मॅडम, आजूबाजूची रानं कोणाची हायेत तुम्हाला माहीत हाय. हे जिल्हाभर दाखवायचं का?"

"प्रश्न सुंदर आहे," प्रभावती मॅडम म्हणाल्या. त्या हातातला कागद बघत होत्या. "पण आपला पाठ बाष्पीभवनाचा आहे. हे भूजलात जाईल. सगळं ठरलंय हो, ताई. तुम्हीच सांगा तिला."

सगळे वंदनाबाईंकडं बघायला लागले. पायलही.

वंदनाबाईंनी कोरडी ताटली थोडी डावीकडं सरकवली आणि होती तिथं परत आणली. "पायल," त्या म्हणाल्या, "पहिलाच विचार. दुसरा आपण सोमवारी बघू."

पायलनं विचारला. फार भरभर झालं म्हणून मिथुननं पुन्हा घेतला. दुसऱ्या वेळी ती मध्येच कॅमेऱ्याकडं बघून हसली. तिसऱ्या वेळी "काहून"वर प्रभावती मॅडमनी हात वर केला.

"काहून नको, बाळा. 'का' म्हण. व्हिडिओ सगळीकडं जाणार आहे. 'ताटलीतील पाणी वर गेले, मग आपल्या विहिरीतील पाणी खाली का गेले?' म्हण बघू माझ्यामागं."

पायल म्हणाली. दोनदा म्हणाली. शब्द बरोबर आले.

"बरोबर आहे, पण जिवंत येईना," मिथुन म्हणाला. "कविता म्हणल्यागत होऊन राह्यलंय."

प्रभावती मॅडमनी कपाळाला हात लावला. "जानेवारीत कसं विचारलं होतं तिनं? अंगावर काटा आला होता माझ्या."

वंदनाबाईंना ते नीट आठवत होतं. त्या पायलजवळ गेल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्या दिवशी तू कान धरला होतास. डावा. तसा धर."

"तवा दुखत होता, बाई."

"माहीत आहे. आता नुसता धर."

पायलनं डुलासकट पाळी चिमटीत धरली. वंदनाबाईंनी तिचं कोपर थोडं खाली केलं, हनुवटी थोडी वर केली आणि त्या आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.

ते एका झटक्यात जमलं. मिथुननं अंगठा दाखवला. प्रभावती मॅडमनी डोळ्याच्या कडा पुसल्या. कल्याण सरांनी मुलांना पावसाची टाळी वाजवायला सांगितली. आधी एका बोटानं, मग दोन, मग तीन, मग पूर्ण हातानं, आणि पुन्हा कमी करत एका बोटावर. पायलनंही वाजवली.

सोमवारी वंदनाबाईंनी दारामागची दोरी काढली. मुलं रांगेनं बाहेर आली. पायल वर्गातच बसून राहिली होती.

"चल," त्यांनी दारातून हाक मारली. "दोरी कोण सोडणार?"

"मीना सोडंल."

"रात्रीचं पाणी कुठून येतं ते बघायचं नाही?"

पायल पाटी पुसत होती. तिनं वर न बघता विचारलं, "शूटिंग झालं ना, बाई?"

दोरी मीनानं सोडली. मे महिन्याच्या सुट्टीत दोरी दारामागंच राहिली. जूनमध्ये वर्गांना रंग दिला तेव्हा रंगाऱ्यानं तो खिळाही काढून टाकला. पायल पाचवीला गावातल्या मोठ्या शाळेत गेली.

डिसेंबरात वंदनाबाईंना भोकरदनहून बोलावणं आलं. शिक्षण परिषद होती आणि व्हिडिओतल्या बाई म्हणून त्या प्रमुख पाहुण्या होत्या. जालन्याला बस बदलून त्या पोचल्या तेव्हा दारातच दोन तरुण शिक्षिकांनी त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला. एका मोठ्या खोलीत आसपासच्या शाळांमधले शिक्षक जमले होते. पुढच्या रांगेतून प्रभावती मॅडमनी हात केला आणि शेजारची खुर्ची दाखवली.

आधी व्हिडिओ दाखवला. पायलच्या प्रश्नामागं बासरी घातली होती. प्रश्न संपला की चित्र थांबायचं आणि पडद्यावर अक्षरं उमटायची: मुलांना प्रश्न विचारू द्या.

मग आकांक्षा मॅडमचा नमुना पाठ झाला. नोकरीला लागून त्यांना वर्षही झालं नव्हतं. चौथीची मुलं ओळीनं आत येऊन बसली. टेबलावर तांब्या होता. त्याच्याशेजारी ताटली होती. आतून मार्करची रेघ ओढलेली, आणि आधीपासूनच कोरडी.

"मुलांनो, पाणी कुठे गेले असेल?"

"कावळ्याने पिले," एक मुलगी म्हणाली.

"ताटलीला भोक आहे," दुसरा म्हणाला.

आकांक्षा मॅडम कुणाला चूक म्हणत नव्हत्या, बरोबरही म्हणत नव्हत्या. थोड्या वेळानं तिसऱ्या रांगेतला निळ्या स्वेटरचा एक मुलगा उठला. त्यानं डाव्या कानाची पाळी चिमटीत धरली, कोपर थोडं खाली ठेवलं, हनुवटी वर केली.

"मॅडम, ताटलीतील पाणी वर गेले, मग आपल्या विहिरीतील पाणी खाली का गेले?"

प्रभावती मॅडमनी वंदनाबाईंच्या हातावर हात ठेवला आणि तो दाबला.

"खूप छान प्रश्न," आकांक्षा मॅडम म्हणाल्या. "कसे शोधायचे?"

"दोरीने," चार-पाच मुलं एकदम म्हणाली. आकांक्षा मॅडमनी टेबलाच्या खणातून नायलॉनची नवी दोरी काढली. तिला रंगीत दोरे अगोदरच बांधलेले होते, सारख्या अंतरावर.

पाठ संपल्यावर शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी वंदनाबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. आकांक्षा मॅडम ओठ आवळून त्यांच्याकडं बघत होत्या. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं होतं.

"छान झाला पाठ," वंदनाबाई म्हणाल्या. "खूप तयारी केली आहे तुम्ही." आणि त्या खाली बसल्या.

मधल्या सुट्टीत त्या हात धुवायला नळावर गेल्या. निळ्या स्वेटरचा मुलगा डबा विसळत होता. त्यांना बघून तो बाजूला झाला.

"तुमच्याकडं विहीर आहे का रे?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, बाई. नळ हाय. हाफत्यातून एकदा येतो."

"मग विहिरीचा प्रश्न कुणी सांगितला?"

"पाठातलाच हाय ना तो." मुलगा त्यांच्याकडं निरखून बघायला लागला. मग त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही त्या व्हिडिओतल्या बाई हायेत ना?"

"हो."

वंदनाबाईंनी त्याच्या कानाकडं पाहिलं. पाळी कधी टोचलेली नव्हती.

"कान दुखतो का तुझा?"

"न्हाई. प्रश्न इचारताना धरायचा राहतो."

नळ गळत होता. मुलानं तो घट्ट केला, डबा स्वेटरला पुसला आणि निघाला. चार पावलांवर जाऊन तो थांबला आणि परत आला. डबा काखेत धरून त्यानं आधी डाव्या कानाला हात लावला, मग उजव्या. आता पहिल्यांदाच तो अडखळत बोलला.

"बाई, बराबर धरला ना म्या? डावाच होता ना?"

वंदनाबाईंनी हात पदराला पुसले.

"डावाच," त्या म्हणाल्या. "बरोबर धरलास."