साठ खाचरांचं गणित

शेणव्याच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत वळलं की जे गाव लागतं, त्या गावाला शाल-नारळाची भारी हौस. कुणाचा पोरगा दहावी झाला, शाल-नारळ. कुणी एसटीत कंडक्टर लागला, शाल-नारळ. मागे एकाची म्हैस तालुक्याच्या प्रदर्शनात तिसरी आली, तर म्हशीला हार आणि मालकाला शाल-नारळ. शाल मात्र एकच होती. सत्कार आटोपला की सरपंच अनंता ती घडी घालून परत पंचायतीच्या कपाटात ठेवायचा. नारळ तेवढा ज्याचा त्याचा.

दोन हजार तीन सालच्या जानेवारीत संदेशचा नंबर लागला.

झालं असं, की पोस्टमन हनुमान एक जाड पाकीट घेऊन आला आणि ते संदेशच्या बापाच्या, कोंडूच्या हातात पडलं. पत्र इंग्रजीत. कोंडूने ते पारावर ग्रामसेवकाला वाचायला दिलं. ग्रामसेवकाने वरच्या दोन ओळी वाचल्या: संदेशचं नाव, आणि पुढे महाराष्ट्रात पहिला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही पुण्याच्या एका क्लासने पोस्टाने घेतलेली सातवी सराव परीक्षा आहे, खरी एमबीएची प्रवेश परीक्षा मार्चमध्ये. पण महाराष्ट्रात पहिला म्हटल्यावर खालचं कोण वाचतो? संध्याकाळी संदेश कल्याणहून कामावरून येईपर्यंत गावाने सव्वीस जानेवारीचा सत्कार ठरवूनही टाकला होता.

संदेशला तोंड होतं, सांगता आलं असतं. त्याने मान खाली घातली आणि नुसता हसला.

त्याची बायको नम्रता दारात वालाने भरलेलं सूप घेऊन उभी होती. हा आता सांगेल, मग सांगेल, म्हणून तिने वाट पाहिली. तो सांगेना. मग ती आत गेली आणि वाल निवडायला बसली. तिला रडायलाही येत नव्हतं, इतका राग आला होता. कारण तो पेपर संदेशने सोडवलाच नव्हता. तिने सोडवला होता.

संदेश कल्याणच्या एका कंपनीत स्टोअरला होता. साहेब एकदा म्हणाला, एमबीए केलंस तर वर जाशील. एवढ्यावर पठ्ठ्याने पोस्टाचा क्लास लावला. दर पंधरा दिवसांनी प्रश्नांचं पाकीट यायचं, उत्तरं लिहून परत पाठवायची, मग मार्क आणि नंबर यायचे. पहिला पेपर त्याने स्वतः सोडवला. दोनशेपैकी एकतीस मार्क आले. तो कागद त्याने चुलीत घातला. दुसऱ्या पेपरावर तो डोकं ठेवून झोपला, आणि नम्रताने त्याच्या गालाखालून तो ओढून घेतला. पहिल्यांदा नुसती गंमत म्हणून.

ती मुरबाडची, तिथेच बी.कॉम. झालेली. गणित हा तिचा जीव की प्राण. लग्न झालं, पदवीचा कागद पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली गेला, आणि हिशेब उरला तो किती भाकऱ्या थापायच्या याचा. त्या पाकिटांनी तिचं डोकं पुन्हा चालायला लागलं. गोल टेबलाभोवती आठ माणसं बसली आहेत, अमका तमक्यासमोर, तमका ढमक्याशेजारी नाही, असा प्रश्न आला की ती पोळपाट पुढे घ्यायची आणि त्याच्या कडेने वाल मांडायची. काळा वाल म्हणजे सासरा, किडका वाल म्हणजे संदेश. सासूबाई जनाबाई विचारायच्या, "काय गो, वालांशी खेलतस काय?" ती म्हणायची, "निवडतेय, आई."

उत्तरपत्रिकेवर नाव मात्र संदेशचं. तेही तीच लिहायची, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, दर पंधरा दिवसांनी. तिसऱ्या पेपराला नंबर आला दोनशेवा, पाचव्याला अकरावा, सातव्याला पहिला. जसजसा नंबर वर चढला तसा संदेश घाबरत गेला, आणि घाबरलेला माणूस दुसऱ्याला जाम धरून ठेवतो.

"मी पण फॉर्म भरते," सत्कार ठरला त्या रात्री ती म्हणाली.

"यडी झालीस? एका घरातून दोघं?"

"मग काय झालं?"

"आणि तू पास झालीस नि मी नाय झालो तर?" हे त्याच्या तोंडून निघून गेलं. मग तो सावरला. "माझा पेपर बिघडला तर मी सांगेन, ताप आलेला. लोकं इसरतात. तू मदत केलीस ना मला? तेवढं बास हाय."

तेवढं बास हाय! नम्रताला वाटलं, पोळपाट उचलून भिंतीवर आपटावा.

फॉर्म ठाण्याला एका कॉलेजात मिळत. स्वतः जायचं, पदवी दाखवायची, तिथेच भरून द्यायचा. शेवटची तारीख अठ्ठावीस जानेवारी. त्या घरातली सून एकटी कधी आसनगाव स्टेशनपर्यंतही गेलेली नव्हती. नवऱ्याने नाही म्हटल्यावर सासूकडे विचारायचं म्हणजे खरं सांगायचं. आणि खरं सांगायच्या आड कोंडू येत होता. म्हातारा ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या खिशात ठेवायचा. भात विकत घ्यायला आलेल्यालाही दाखवायचा, आणि वाट विचारायला थांबलेल्यालाही. नम्रताला ताप आला होता तेव्हा याच माणसाने तिच्यासाठी खर्डीहून पायी औषध आणलं होतं. त्याचं तोंड उतरलेलं तिला बघवलं नसतं. बोललं तर म्हातारा मरतो, गप्प बसलं तर आपण. दिवस मोजत ती चुलीपुढे बसून राहिली.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झालं. पोरांना चॉकलेटं वाटली. मग अनंताने कपाटातली शाल झटकली, संदेशच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला. बायका एका बाजूला सतरंजीवर बसल्या होत्या, त्यांत नम्रता. शेजारची हौसा तिला कोपर मारून म्हणाली, "नशीब काढलंस गो."

इथवर सगळं नेहमीसारखं चाललं होतं. पण कोंडूला राहवेना. तो घरून प्रश्नपत्रिकांचा सगळा गठ्ठाच घेऊन आला होता. तो त्याने पडवळ गुरुजींपुढे ठेवला आणि म्हणाला, "बघा तरी, केवडं कठीण असतंय!" गुरुजी गणिताचे. त्यांनी एक कागद उपसला, चष्मा वर केला, आणि त्यांचे डोळे चमकले.

"पोरांनो, इकडे बघा. महाराष्ट्रात पहिला आलेला माणूस आपल्याला एक गणित सोडवून दाखवेल." आणि त्यांनी झेंड्याजवळ ठेवलेल्या फळ्यावर मराठीत लिहिलं: अ आणि ब मिळून एक काम बारा दिवसांत करतात. ब आणि क मिळून तेच काम पंधरा दिवसांत. क आणि अ मिळून वीस दिवसांत. तर प्रत्येकाला एकट्याने किती दिवस लागतील?

संदेशने खडू घेतला. बारा लिहिले. पंधरा लिहिले. वीस लिहिले. तिन्हींची बेरीज केली, ती पुसली. झेंड्याची दोरी खांबाला आपटलेली पटांगणभर ऐकू येत होती. त्याच्या मानेवर, शालीच्या वर, घामाचे थेंब जमले. नम्रताला तिथून ते दिसत होते, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. मग तिने कोंडूकडे पाहिलं. म्हातारा पहिल्या रांगेत पुढे वाकून बसला होता, तोंड अर्धं उघडं. तिचं बरं वाटणं तिथल्या तिथे संपलं.

संदेश वळला. हसायचा प्रयत्न केला. "हे काय गुरुजी, सोपं दिलंत. हे तर आमच्या हिला पण येतंय. ये गो, दाखव पोरांना."

सगळे हसले. बाईमाणसाला फळ्यापाशी बोलावलं म्हणजे मोठीच थट्टा झाली. हौसाने तिला ढोसून उभं केलं. नम्रताने पदर खोचला, फळ्यापाशी गेली, आणि नवऱ्याने लिहिलेलं सगळं हाताने पुसून टाकलं.

"समजा भाताची साठ खाचरं लावायची हायेत," ती पोरांकडे बघून म्हणाली.  "साठ, कारण बारा, पंधरा, वीस तिन्हींनी त्याला भाग जातो. अ आणि ब बारा दिवसांत साठ लावतात. म्हणजे रोज किती?"

"पाच!" पोरं ओरडली.

"ब आणि क?"

"चार!"

"क आणि अ?"

"तीन!"

"पाच, चार, तीन, झाले बारा. पण यात परतेक माणूस दोनदा आला ना? म्हणून अर्धे. तिघं मिळून रोज सहा खाचरं." आता बायकाही पुढे सरकून ऐकत होत्या. लावणी त्यांच्या कमरेने केलेली, हे गणित त्यांना कळत होतं. "तिघांची सहा. त्यातली ब आणि क ची चार काढली की अ ची दोन. अ ला तीस दिवस. सहातून क आणि अ ची तीन काढली, ब ची तीन. ब ला वीस दिवस. आणि सहातून अ आणि ब ची पाच काढली..."

"एक!" हौसाच ओरडली. "तो क रोज एकच खाचर लावतोय मेला! बाकीचा दिवस बांधावर बिडी फुकतोय!"

पटांगण हसून लोळलं. नम्रताने लिहिलं: क, साठ दिवस. संदेशकडे तिने पाहिलं नाही. जोडीने काम केलं की खाचर लावलेलं दिसतं, कोणी लावलं ते दिसत नाही. ते काढायला गणित मांडावं लागतं. तिने ते मांडलं होतं, भर सभेत, पांढऱ्यावर काळं नसेल पण काळ्यावर पांढरं. आता तरी कुणाला तरी कळेल, असं तिला वाटलं. गुरुजींना तरी.

गुरुजी उठून उभे राहिले. 

"वा! याला म्हणतात विद्वान! अहो, स्वतः पहिला येणारे खूप असतात. पण घरातल्या बाईलासुद्धा याने इतकं शिकवलं! संदेश, शाब्बास!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अनंताने लगबगीने आणखी एक नारळ आणला आणि तोही संदेशच्याच हातात दिला. कोंडूने डोळ्यांना बंडीची बाही लावली.

नम्रता खडू धरून उभी राहिली. तिला हुंदकाच आला, पण तो बाहेर पडला असता तर त्यालाही लोकांनी आनंदाश्रू म्हटलं असतं. या गावात आपण काहीही केलं तरी ते त्याच्याच पदरात पडणार, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. खरं बोललं तरी कोण मानणार होतं? दोन नारळ हातात घेतलेला माणूस समोर उभा होता. त्याचे दोन्ही हात अडकलेले होते.

आणि तिच्या डोक्यात उत्तर आलं.

"व्हय गुरुजी," ती मोठ्याने म्हणाली. "यांनीच शिकवलं मला. नि आता म्हणतात, तू पण परीक्षेला बस. उद्याच मला ठाण्याला नेणार हायेत, फॉर्म भरायला."

 पहिली टाळी वाजली ती कोंडूची. त्याच्यामागे सगळं पटांगण. गुरुजी म्हणाले, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. जनाबाई शेजारणीला सांगू लागल्या, "आमचा संदेश लहानपनापासून तसाच हाय." अनंताने शाल परत घ्यायला हात पुढे केला, आणि शाल जायच्या आत संदेशला काहीतरी बोलावं लागलं.

"हो... नेणार तर," तो म्हणाला. "उद्या."

घरी येताना दोघं मागे राहिले. बांधावरून चालताना त्याने दातओठ खाऊन विचारलं, "खोटं कशाला बोललीस गो?"

"कुठलं?" नम्रता म्हणाली. "मी दोन बोलले."

 पुढचा बांध येईपर्यंत त्याने दोन्ही नारळ एका काखेत घेतले होते.

दुसऱ्या दिवशी दोघं ठाण्याला गेले. खिडकीपुढे रांग होती. संदेश लांब कठड्याला टेकून उभा राहिला, पुढे आला नाही. नम्रताने पेटीतला पदवीचा कागद दाखवला, फॉर्म घेतला, भिंतीला लावून भरायला लागली. वरचा पहिलाच रकाना नावाचा. मोठ्या इंग्रजी अक्षरांत, चौकोनाला एक अक्षर. तिने सराईतपणे भराभर भरून टाकलं आणि मग वाचलं.

तिने संदेशचं नाव लिहिलं होतं.

 सगळं करून, खोटं बोलून, इथवर येऊन, हाताने दगा दिला. फॉर्म एकच होता. तिने पेनने ते नाव खोडलं, इतकं दाबून की कागद मागून फाटतो की काय असं झालं, आणि वरच्या बारीक जागेत आपलं नाव लिहिलं. मग खिडकीशी जाऊन घाबरत विचारलं, "साहेब, खाडाखोड झालीय. चालेल?"

कारकुनाने वर न बघता म्हटलं, "चालेल. बाजूला सही करा."

"कोणाची?"

आता त्याने वर पाहिलं. "अहो बाई, तुमची. आणखी कोणाची?"

नम्रताने सही केली.