ओळंबा आणि दोन फळ्या

मी एक जुना ओळंबा आहे. पितळेचा, टोकदार आणि स्वभावानं सरळ. दोरीला लटकायचं आणि भिंत वाकडी असेल तर तोंडावर सांगायचं, हाच माझा धंदा. त्यामुळे मित्र कमीच. तुम्ही तरी व्हा, मित्रांनो!

माझे मालक गवंडी. मालकीणबाई त्यांच्याच हाताखाली घमेली वाहतात. मालक एक डोळा मिटून माझी दोरी बघत आणि म्हणत, "हा खोटं बोलणार नाही." तेव्हा माझी छाती केवढी फुगायची!

मग मालकांच्या उजव्या डोळ्यात कर्करोग निघाला. डॉक्टरांनी किरणोपचाराची चिमुकली चकती डोळ्याला टाके घालून बसवली, काही दिवसांनी काढली. गाठ आटोक्यात आली. पण डोळा फिरवणारा स्नायू दुखावला. समोर पाहिलं की ठीक, उजवीकडे पाहिलं की एकाचे दोन.

मालक हे कुणाला सांगेनात. परांचीवरचं, उंचावर फळ्यांवर उभं राहून करायचं काम जाईल, ही धास्ती. बाईंनी खोदून विचारलं, तर मला टांगून, एक डोळा मिटून म्हणाले, "बघ, दोरी एकच दिसते. डोळा ठणठणीत!"

अहो, एक डोळा मिटल्यावर एकच दिसणार ना! मला ओरडावंसं वाटलं. पण पितळेला जीभ कुठली?

एका सकाळी परांचीवर ते उजवीकडे वळले आणि नसलेल्या फळीवर पाय टाकला. मी त्यांच्या कमरेलाच होतो. मागून येणाऱ्या बाईंनी घमेलं टाकून त्यांचा सदरा धरला. दोघं मटकन खाली बसले.

"किती फळ्या दिसल्या?"

"दोन."

"मग सांगितलं का नाही?"

"काम गेलं असतं. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाका हो, डोळा कशाला झाकता? तुम्ही गेला असता, तर मी काय त्या सव्वा लाखाला कवटाळून बसू?" बाई रडल्या. मग मालकही.

डॉक्टरांनी चष्म्याला खास भिंग दिलं. दोनाचं एक बरंचसं होतं, सगळं नाही. मालक आता परांचीवर चढत नाहीत, जमिनीवरून होतील त्या भिंती बांधतात.

मित्रांनो, मला खुशाल एक डोळा मिटून बघा. पण स्वतःचं दुखणं आपल्या माणसांपासून झाकू नका.

परवा जिना उतरताना मालक थांबले. "अगं, ही पायरी एक की दोन?"

"एकच," बाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

इतका सरळ प्रश्न मी जन्मात ऐकला नव्हता.